सव्वाआठ की आठ पंचवीस?

पालकहो,

पालकसभेत दरवर्षी एक विषय निघतोच. कुणी म्हणतं, "बाई, हिशेबाला यंत्र दिलं तर मुलाचं डोकं चालेनासं होईल हो." त्यांच्याच शेजारी बसलेलं कुणी म्हणतं, "आता सगळं यंत्रच करणार, मग पाढे घोकून घ्यायचे कशाला?" मागे इतर पालकांची रांग लागलेली असते, बाहेर पाऊस कोसळत असतो, आणि दोघांनाही धड उत्तर न देता सभा संपते. म्हणून आज जरा निवांतपणे लिहायला बसले आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलाला कॅल्क्युलेटर जरूर द्यावा. पण बटण दाबण्याआधी आणि उत्तर दिसल्यानंतर त्याच्याशी काय बोलायचं, हे आपल्याला ठाऊक हवं. खरं शिकणं तिथे घडतं. म्हणजे काय, ते आपल्या समुद्राचंच उदाहरण घेऊन दाखवते.

भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. सातवीला दशांश अपूर्णांक शिकवताना मी हा ठोकताळा वर्गात घेतला. मुलांच्या हातात साधे कॅल्क्युलेटर दिले आणि एकादशीची वेळ काढायला सांगितली. ११ गुणिले ०.७५. पडद्यावर आकडा आला ८.२५, आणि जवळजवळ सगळ्या वर्गाने वहीत लिहिलं, "आठ वाजून पंचवीस मिनिटे."

घरी होडी असलेली एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "पण आमचे आजोबा सव्वाआठ म्हणतात."

मी गप्प राहिले. यंत्र चुकत नाही, म्हणून आजोबाच चुकले असणार, असं काहींचं म्हणणं. आजोबांचा जन्म समुद्रावर गेला, ते कसे चुकतील, असं त्या मुलीचं. बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी एका मुलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. ०.२५ म्हणजे पाव, आणि तासाचा पाव म्हणजे पंधरा मिनिटं. त्याने खात्रीसाठी ०.२५ गुणिले ६० करून पाहिलं. १५ आले. म्हणजे यंत्रही बरोबर होतं आणि आजोबाही. चूक होती ती पडद्यावरचा आकडा वाचण्यात. दशांश चिन्हानंतरचा आकडा म्हणजे मिनिटं नव्हेत, तो पूर्णाचा भाग आहे, ही गोष्ट मी फळ्यावर लिहून दिली असती तर मुलांनी उतरून घेतली असती आणि परीक्षेनंतर विसरली असती. त्या दिवसापासून त्या वर्गात कुणी २.५ तासांना दोन तास पाच मिनिटं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मजा तर पुढेच होती. मी मुलांना प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतच्या सगळ्या पंधरा वेळांचं कोष्टक करायला सांगितलं. हातात यंत्र, त्यामुळे काही मिनिटांत काम झालं. प्रत्येक तिथीला भरती पाऊण तास पुढे जाते, हे त्यांना लगेच दिसलं. पौर्णिमेला सव्वाअकरा आले. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, म्हणजे पुन्हा १ गुणिले ०.७५, म्हणून पाऊण वाजता. इथे एक मुलगा अडखळला. सव्वाअकरा ते पाऊण म्हणजे दीड तास. रोज पाऊण तास पुढे जाणारी भरती त्या एकाच दिवशी दीड तास कशी जाईल?

केवढा सुंदर प्रश्न आहे हा! मी विचारलं, एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत तिथी किती? तीस. तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळात पुढे पुढे सरकत पूर्ण चोवीस तास फिरून पुन्हा मूळ जागी येते. मग एका तिथीला किती सरकायला हवी? मुलांनी २४ गुणिले ६० केले, १४४० आले. भागिले ३० केले, ४८ आले. ठोकताळ्यात आपण धरतो ४५ मिनिटं. तिथीमागे तीन मिनिटं कमी पडतात. पंधरा तिथींना तीन-तीन मिनिटं म्हणजे ४५, आणि नेमका तोच पाऊण तास प्रतिपदेला भरून निघतो. जुन्या माणसांनी तोंडी करायला सोपं म्हणून पाऊणपट धरली आणि दर पंधरवड्याला मोजणी नव्याने सुरू करून चूक साचू दिली नाही. मुलं हे पाहून थक्क झाली, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांनी त्यांच्याबरोबर ते उलगडताना मीही तितकीच हरखले. मग मोबाइलवरच्या रत्नागिरीच्या भरतीच्या वेळा आणि आमचं कोष्टक शेजारी ठेवून कुठे किती फरक पडतो ते पाहिलं. फरक पडतोच. किनाऱ्याची ठेवण, खाडीचं मुख, वारा यांचा हिशेब पाऊणपटीत धरलेला नाही. काही मुलं तर रविवारी मांडवीच्या धक्क्यावर पाणी कुठवर चढतं ते पाहून आली.

आता विचार करा. हेच पंधरा गुणाकार मी हाताने करायला लावले असते तर तास तिथेच संपला असता. कुणाचा दशांश चिन्हाचा घोळ, कुणाचा हातचा राहिलेला, आणि प्रतिपदेच्या त्या उडीकडे पाहायला कुणाला वेळच उरला नसता. यंत्राने आकडेमोड उरकली म्हणून "का?" विचारायला फुरसत मिळाली. कॅल्क्युलेटर वर्गात आणायचा तो एवढ्यासाठी.

काही जणांना हे आधुनिक थेर वाटतील, म्हणून थोडं मागे जाऊ या. आकडेमोड सोपी करणारी साधनं आपल्याकडे कायमच होती. अंकलिपीत तीसपर्यंतच्या पाढ्यांपाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असत. दर वेळी पाऊण काढत बसायला नको, म्हणून पाऊणकी पाठच करायची. तीही एक तऱ्हेने खिशात बाळगलेलं यंत्रच होतं, फक्त खिसा डोक्यात होता. पंचांग करणाऱ्यांसाठी केरूनाना छत्र्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' रचली, ती ग्रहांची गणितं दर वेळी मुळापासून करावी लागू नयेत म्हणून. १८५६ साली आपल्या या रत्नागिरीत जन्मलेले टिळक गणित घेऊन बी.ए. झाले; डेक्कन कॉलेजात ते या केरूनानांचेच विद्यार्थी, आणि पुढे त्यांनी पंचांगशुद्धीचा ध्यास घेतला. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित मूळचे दापोलीजवळच्या मुरुडचे. महर्षी कर्वे त्याच मुरुडात वाढले; टिळकांनंतर १८९१ मध्ये फर्ग्युसनला गणित शिकवायला गेले ते तेच. शेजारच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. एवढ्याशा टापूतून गणिताची इतकी माणसं निघाली, याचा मला फार अभिमान वाटतो. त्या काळच्या गणितात लॉगची आणि ग्रहांची तयार कोष्टकं सर्रास वापरत. कोष्टक पाहिलं म्हणून बुद्धी गंजली, असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणणार नाही. कारण कोष्टकातला आकडा कुठून आला आणि तो घेऊन पुढे काय करायचं, हे ही माणसं पुरतं जाणून होती.

उलट यंत्राला हात न लावताही मूल यंत्रासारखं गणित करू शकतं. हे पालकांना सहसा दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. चौथी-पाचवीतल्या मुलाला ५०३ वजा २४७ करायला सांगा. तो पटापट शून्याच्या जागी नऊ करील, तीनचे तेरा करील, आणि २५६ हे उत्तरही बरोबर आणील. मग विचारा, "तू शून्याचे नऊ का केलेस?" पुष्कळ मुलं म्हणतील, "तसंच करायचं असतं." शतकातला एक सुटा करून दहा दशक मिळाले, त्यातला एक दशक एककाला दिला, उरले नऊ, हे ज्याला सांगता येत नाही त्याने पेन्सिलीने बटणंच दाबली आहेत. फक्त ती बटणं कागदावर आहेत. बारावीच्या शास्त्र शाखेतही हेच पाहायला मिळतं. लॉगच्या पुस्तिकेतून आकडा अचूक शोधणारी मुलं असतात. पण लॉग म्हणजे काय असं विचारलं की गप्प होतात. तेव्हा यंत्र काढून घेतलं की समज आपोआप येते, अशा समजुतीत राहू नका.

समज नसेल तर यंत्र असूनही काय होतं, तेही पाहा. सहलीला १९० मुलं जाणार, एका एसटीत ४४ आसनं, तर गाड्या किती लागतील? कॅल्क्युलेटर सांगतो ४.३१८. काही मुलं तेच उत्तर लिहितात. काही जण नियमाप्रमाणे पूर्णांकात आणून चार लिहितात, आणि चौदा मुलं स्टँडवरच राहतात! असाच एक प्रश्न १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीत होता. ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला, पण ३२ हे उत्तर चौघांपैकी एकानेही धड दिलं नाही. पुष्कळांनी लिहिलं, "३१, बाकी १२." तिथली मुलं काय, इथली काय, एकदा आकड्यांत शिरली की गाडी आणि माणसं विसरतात.

म्हणून घरी एक सवय लावा, एवढीच माझी तुमच्याकडे कळकळीची मागणी आहे. बटण दाबण्याआधी मुलाला विचारा, "किती येईल असं वाटतं?" आणि त्याने काहीतरी सांगितल्याशिवाय यंत्र हातात देऊ नका. अंदाज चुकला तर हसू नका, रागावू नका. अंदाज बोलून दाखवला की मूल त्या उत्तरात गुंततं. मग पडद्यावर भलतंच काही आलं तर ते थबकतं. ३९८ गुणिले २१ चं उत्तर आठ हजारांच्या आगेमागे यायला हवं, हे आधी बोललेलं मूल ८३५८ पाहून मान डोलावतं आणि चुकून जास्तीचं शून्य दाबून ८३,५८० आले तर म्हणतं, "छे, काहीतरी चुकलं." हे "छे" मला फार मोलाचं वाटतं. उद्या बँकेत, दुकानात, दवाखान्यात औषधाचं प्रमाण वाचताना हेच "छे" त्याच्या कामी येणार आहे.

आंब्याच्या दिवसांत तर घरात हिशेबाला तोटा नाही. समजा, पाच डझनची पेटी २२०० रुपयांना आहे आणि चार डझनची १९०० ला. कुठली परवडते? आधी अंदाज घ्या. साठ फळं ४० रुपयांनी धरली तर २४०० होतात, म्हणजे पहिल्या पेटीतलं फळ चाळिसाच्या आतच पडणार. आता दाबा बटण. पहिल्या पेटीतलं फळ ३६ रुपये ६७ पैशांना, दुसऱ्यातलं ३९ रुपये ५८ पैशांना. "पाच डझनची स्वस्त!" मूल म्हणेल. इथे थांबू नका. दोन्ही पेट्यांतलं एकेक फळ त्याच्या हातात द्या. चार डझनीतलं फळ मोठं असतं, हे कोकणातल्या मुलाला सांगावं लागत नाही; पण हिशेबात ते आणायचं असतं, हे त्याला सुचलेलं नसतं. घरातल्या काट्यावर वजन करू द्या. मोठं २८० ग्रॅम आणि छोटं २३० ग्रॅम भरलं असं धरा. मग किलोचा भाव काढला तर चार डझनची पेटी साधारण १४१ रुपये किलो पडते आणि पाच डझनची १५९. निकाल उलटला! आता खरा वाद सुरू होईल. पाहुण्यांना अख्खी फळं वाढायची असतील तर कुठली घ्यायची, आणि आमरस करायचा असेल तर कुठली? साल आणि बाठा किती जातो? यातल्या एकाही प्रश्नाचं बटण त्या यंत्रावर नाही. पण यंत्र होतं म्हणूनच ओटीवर बसून दहा मिनिटांत तुम्ही इथवर पोचलात.

आता काळजीचं बोलते, कारण तुमची काळजी निराधार नाही. १९८६ मध्ये रे हेम्ब्री आणि डोनाल्ड डेसार्ट या अमेरिकी अभ्यासकांनी शाळेतल्या कॅल्क्युलेटरवरचे ७९ अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या शिकवण्याच्या जोडीला कॅल्क्युलेटर वापरला तर मुलांचं कागदावरचं गणित बिघडत नाही, उलट सुधारतं आणि गणिताबद्दलची ओढही वाढते, असं त्यांना बहुतेक इयत्तांत दिसलं. अपवाद फक्त चौथीचा. त्या वर्गात सतत कॅल्क्युलेटर वापरणाऱ्या मध्यम मुलांची मूळ कौशल्यं मागे पडलेली आढळली. चौथी म्हणजे पाढे आणि चारही क्रिया पक्क्या व्हायचं वय. माझा वर्गातला अनुभवही हेच सांगतो. म्हणून लहान वर्गांत मी यंत्र फार जपून वापरते. सात आठे छप्पन हे डोक्यात असलंच पाहिजे. त्यासाठी यंत्राकडे हात जात असेल तर तो तिथेच थांबवा. पाढे पाठ नसतील तर अंदाज बांधायचा कशाच्या जोरावर? ४०० गुणिले २० आठ हजार, हे तोंडावर असलं तरच ३९८ गुणिले २१ चा अंदाज येतो. पाढे आणि यंत्र यांत वैर नाही. मात्र आधी पाढे, मग यंत्र, हा क्रम मी सोडत नाही.

लहान वर्गांतही खेळ म्हणून मात्र यंत्राचा चांगला उपयोग होतो. एक खेळ सांगते. यंत्राचं ५ चं बटण मोडलंय असं समजायचं आणि ४५ गुणिले ६ करून दाखवायचं. कुणी ४४ गुणिले ६ करून वर ६ मिळवतं. कुणी म्हणतं ९ गुणिले ३०. दोन्हीकडून २७० येतात, आणि असं का चालतं यावर बोलता बोलता पुढच्या बीजगणिताचा पाया घातला जातो. सहावी-सातवीला दुसरा खेळ द्या. २३ ला कशाने गुणलं की उत्तर १०० च्या वर पण १०१ च्या आत येईल? चारने ९२. पाचने ११५, फार झाले. ४.४ ने १०१.२, जरासे जास्त. ४.३ ने ९८.९, कमी. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं, "बाई, ४.३ आणि ४.४ च्या मधेही आकडे असतात का?" ४.३५ ने १००.०५ येतात. दोन दशांशांच्या मध्ये आणखी दशांश असतात, हे मुलाने स्वतः गाठलेलं असतं. ते मग कुणाला सांगावं लागत नाही.

मोठ्या मुलांसाठी कापरेकरांची गंमत तर हमखास घ्या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. तुमच्या-माझ्यासारखेच साधे, पण आकड्यांचे वेडे. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या आकड्याचं गुपित जगापुढे मांडलं. चारही अंक सारखे नसतील असा कोणताही चार अंकी आकडा घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करा. आलेल्या आकड्याचं (तो तीन अंकी आला तर पुढे शून्य धरून) पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतातच. आम्ही टिळकांचं जन्मवर्ष घेतलं. १८५६ वरून ८६५१ वजा १५६८, आले ७०८३. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. तीनच पायऱ्या! मग प्रत्येकाने आपलं, आईचं, आजीचं जन्मवर्ष घेतलं. वर्गात एकच गलका. कापरेकरांनी हे सारं हाताने केलं, आणि त्या चिकाटीपुढे मी हात जोडते. पण तीस-चाळीस मुलांना एका तासात डझनभर आकडे तपासून पाहता आले ते यंत्रामुळेच. इतके आकडे समोर आल्यावरच एका मुलीला दिसलं की मधल्या प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज १८, नाहीतर २७ येतेय. ७०८३ ची १८, ८३५२ ची १८, ६१७४ ची पण १८. म्हणजे सगळे नऊने भाग जाणारे. का?

इथे यंत्र बाजूला ठेवावंच लागलं. अंकांना उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ म्हटलं आणि फळ्यावर वजाबाकी मांडली, तर उरलं ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग). दोन्ही पदांत नऊ लपलेला. आठवीच्या मुलांना अक्षरं घेऊन गणित कशासाठी करायचं, हे तोवर कळत नव्हतं. त्या तासाला कळलं. हजार आकडे तपासले तरी यंत्र "नेहमी" असं म्हणू शकत नाही. तीन ओळींची मांडणी ते म्हणते. आणि गंमत म्हणजे, नऊने भाग का जातो हे कळलं, तरी शेवटी ६१७४ च का, याचं उत्तर त्यातून मिळालं नाही. दोन मुलं अजून त्याच्या मागे आहेत. तीन अंकी आकड्यांत ४९५ येतात, हा शोध त्यांनी मधल्या सुट्टीत लावला.

परीक्षेचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. दहावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवरही लॉगची कोष्टकं वापरा पण कॅल्क्युलेटर नको, असं छापलेलं असतं. तेव्हा हाताने आकडेमोड करायचा सराव हवाच, आणि तो आम्ही करून घेतो. पण यंत्राबरोबर वाढलेली समज परीक्षेच्या खोलीबाहेर ठेवावी लागत नाही. ज्याने १.४ चा वर्ग १.९६, १.४१ चा १.९८८१, १.४२ चा २.०१६४ असं करत दोनचं वर्गमूळ चिमटीत पकडत नेलं, त्याला परीक्षेत √२ दिसला की तो संख्यारेषेवर नेमका कुठे बसतो ते ठाऊक असतं.

आता मोबाइल. इथे मात्र मी थोडी कडक आहे. हिशेबासाठी मोबाइल देऊ नका. दुकानात मिळतो तो साधा कॅल्क्युलेटर घेऊन द्या, किंवा घरात पडलेला असेल तो नवी बॅटरी घालून द्या. मोबाइलवर हिशेब सुरू होतो आणि बघता बघता व्हिडिओवर संपतो, हे तुम्हीही रोज पाहता. दुसरं, गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप्स आता प्रत्येक फोनवर मिळतात. ती आणि कॅल्क्युलेटर एक नव्हेत. कॅल्क्युलेटरला गुणायचं की भागायचं, हे मुलालाच सांगावं लागतं. विचार त्याचा, श्रम यंत्राचे. फोटोच्या ॲपमध्ये विचारही दुसऱ्याचाच. गणित सोडवून झाल्यावर आपली रीत त्या रितीशी ताडून पाहायला मोठ्या मुलाने ते वापरलं तर माझी हरकत नाही. पण गृहपाठाच्या आधी ते उघडलं तर वहीत अक्षर मुलाचं असतं आणि गणित कुणाचं ते मला पहिल्या ओळीत कळतं. तेव्हा मी मुलाला रागावत नाही, बोलावून शेजारी बसवते आणि पहिली पायरी का घेतलीस असं विचारते. तुम्हीही घरी एवढंच करा. तुम्हाला स्वतःला ते गणित येत नसलं तरी चालेल. "मला समजावून सांग" म्हणायला शिक्षण लागत नाही, आणि मुलं आईला किंवा आजोबांना समजावताना जेवढी शिकतात तेवढी माझ्यासमोर शिकत नाहीत.

या शनिवारसाठी मुलांना एक काम दिलं आहे, त्यात तुम्हीही बसा. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ ओळीने दाबा. बहुधा २० येतील. तेच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दाबा. १४ येतील. (एवढ्यापुरता मोबाइल माफ.) दोन्ही यंत्रं धडधाकट आहेत. मग असं का, आणि दुकानदाराचं बिल त्यामुळे चुकत का नाही, हे मुलाला शोधू द्या. लगेच सांगून टाकू नका, कितीही मोह झाला तरी. त्याला जे सुचेल ते त्याच्याच शब्दांत वहीच्या मागच्या पानावर लिहून पाठवा. चुकीचं वाटलं तरी खोडू नका. आम्ही ती सगळी पानं वर्गात वाचणार आहोत.

तुमची,
गणिताच्या बाई